दादाचे मागणीपत्र

दादा २००० साली बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये फौजेत भरती झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि २०२४च्या मे महिन्यात चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून हवालदार म्हणून घरी परतला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, सारे गाव ‘मेजर’ म्हणते. त्याप्रमाणे दादाही एका दुपारीत मेजर झाला. वेशीपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, फ्लेक्स लागला, सेवापूर्तीचा सत्कार झाला, सहा शाली आणि अकरा नारळ जमले. त्या शालींचे पुढे काय करायचे हा प्रश्न वहिनीने चार दिवसांत सोडवला. दादाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणी उघडपणे काढतही नव्हते.

पहिल्या आठवड्यातच त्याने घरामागच्या खोपीतली पोती मोजली. ज्वारी किती, गहू किती, सरकी पेंड किती, खताच्या गोण्या किती, रिकामी बारदाने किती, हे त्याने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून काढले, आणि रोज सकाळी जे पोते हलेल त्याचा आकडा तो पुसून नव्याने लिहू लागला. आई म्हणाली, “लेकाला करमत नाही.” मीही तेव्हा तेवढेच समजले.

गावाच्या हिशेबाने त्याला काही कमी नव्हते. पेन्शन होती, कँटीनचे कार्ड होते, दवाखान्यासाठी ईसीएचएस होते. एवढे असताना मेजरने चहा प्यावा, पेपर वाचावा, फार तर पतसंस्थेच्या निवडणुकीत उभे राहावे, असे सगळ्यांचे मत होते. परंतु थोरली मुलगी बारावीला, धाकटा आठवीत, घराचे कर्ज अर्धे फिटलेले, आणि हातापायांत अजून वीस वर्षांचे काम शिल्लक, अशा माणसाला ‘आता आराम करा’ हा सल्ला देणे फार सोपे असते. पेन्शनीतून घर चालते. इंजिनिअरिंगची फी निघत नाही. ही साधी गोष्ट दादा कोणाला सांगत नसे, कारण ती सांगितली की पाठोपाठ नोकरी हवी आहे असेही सांगावे लागले असते.

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते. घरातल्या शिकलेल्या बाईकडे अर्ज लिहिण्याचे काम आपसूक येते, तसे ते माझ्याकडे आले. जूनमधल्या एका रविवारी आम्ही दोघे बायोडाटा लिहायला बसलो. मी विचारले, “चोवीस वर्षं नेमकं काय काम केलंस?” तो म्हणाला, “ड्युटी केली.” मी म्हटले, “म्हणजे काय काय?” तो जरा विचार करून म्हणाला, “जी लावली ती.” तासाभराने कागदावर नाव, जन्मतारीख, दहावी उत्तीर्ण, मराठा लाइट इन्फंट्री, हवालदार, वर्तणूक ‘उत्कृष्ट’ एवढ्या सहा ओळी होत्या, आणि खाली मी लिहिलेले ‘आपणांस नम्र विनंती की’ हे शब्द त्याने पेनाने खोडले होते. विनंती म्हटली की त्याचा चेहरा बदलत असे. फौजेत काम मागावे लागत नाही, ते हुकमाने येते. आपल्या कामाची तारीफ आपण करायची नसते, ती करणारा वर बसलेला असतो. अशा रिवाजात माणसाची उमेदीची सगळी वर्षे गेली, की नोकरी शोधणे म्हणजे दारोदार हात पसरणे असे त्याला वाटू लागते. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही हे आपण मुलांना शिकवतो. दादाला चोवीस वर्षे नेमके उलटे शिकवले गेले होते.

न मागता जे काम मिळते ते एकच: सिक्युरिटी. माजी सैनिक आणि पहारा ही जोडी आपल्याकडे इतकी पक्की झाली आहे, की दुसरे काही कोणाला सुचतच नाही. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५चा केंद्राचा कायदा आहे, त्यात माजी सैनिकांना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. आपल्या राज्यात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून वेगळा कायदा आणि मंडळे आहेत. ‘मेस्को’ या नावाने ओळखले जाणारे माजी सैनिकांचे महामंडळ पुण्यातून चालते आणि तेही मुख्यतः सुरक्षेच्याच कामावर माणसे पाठवते. ज्याच्याकडे बारा बोअरची बंदूक आणि परवाना आहे, तो बँकेत किंवा पैशाच्या गाडीवर गनमॅन म्हणून चार पैसे जास्त मिळवतो. आमच्या भावकीतल्या एकाने त्यासाठी पेन्शनच्या एकरकमी पैशातून बंदुकीचे पैसे बाजूला काढले आणि परवान्याच्या वाटेकडे डोळे लावून वर्षभर ते तसेच ठेवले. या कामाला मी कमी लेखत नाही. ते प्रामाणिकपणे करणाऱ्यांच्या भरवशावर शहरे झोपतात. माझी तक्रार एवढीच, की तोफखान्यातला सर्वेक्षक, सिग्नलचा तंत्रज्ञ, इंजिनिअर रेजिमेंटचा पूल बांधणारा आणि पलटणीचा स्वयंपाकी या सगळ्यांना आपण एकाच गेटवर उभे करतो.

दादाही उभा राहिला. पुण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात बारा तासांची पाळी होती. पगार ठरवताना एजन्सीचा माणूस म्हणाला, “मेजर, तुम्हाला पेन्शन आहेच की.” हे वाक्य मी नंतर इतर अनेक घरांतून ऐकले. गंमत अशी, की अधिकारीपदाच्या खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला जवान केंद्र सरकारच्या नोकरीत पुन्हा लागला, तर त्याचे वेतन ठरवताना त्याची पेन्शन हिशेबात धरायची नाही असा सरकारचाच नियम आहे. पेन्शन झालेल्या कामाची, पगार होणाऱ्या कामाचा, असा त्यामागचा सरळ विचार. खाजगी मालक मात्र ती पेन्शन रुपयान् रुपया मोजतो आणि आपल्या खर्चातून वजा करतो.

अकराव्या आठवड्यात दादा बॅग घेऊन परत आला. कोणीतरी ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारली असेल, त्याचा त्याला राग आला असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे काही नव्हते. त्याची हरकत रजिस्टरला होती. रात्री दोन आणि चार वाजताच्या गस्तीच्या सह्या संध्याकाळी सात वाजताच करून ठेवायची तिथे पद्धत होती, आणि नव्या माणसानेही तसेच करावे असे सुपरवायझरने सांगितले. “जी फेरी मारलीच नाही तिची सही?” एवढेच तो म्हणाला, आणि त्या रात्री जेवला नाही.

त्यानंतर आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. खरे म्हणजे सुटून आल्याबरोबर जायला हवे होते. ओळखपत्र, मुलांच्या सवलती, रोजगारासाठी नावनोंदणी, या सगळ्याची सुरुवात तिथून होते. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, फोटो, असे सगळे दादाने प्लास्टिकच्या पिशवीत क्रमवार लावून आणले होते. तिथले कल्याण संघटक स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी डिस्चार्ज बुक उघडले आणि मला वाचताही न येणाऱ्या संक्षेपांवरून बोट फिरवीत दादाला दोन-तीन प्रश्न विचारले. दादाचा आवाज महिन्यांनंतर मोकळा झालेला मी ऐकला.

तिथे आणखी एक गोष्ट कळली, जी दादाने घरी कधीच सांगितली नव्हती. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे नोकरीच्या अखेरच्या काळात जवानांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग असतात. संगणक, भांडार व्यवस्थापन, हॉटेल, शेतीपूरक धंदे असे बरेच विषय असतात, आणि नोकरीत असतानाच ते पुरे करता येतात. दादाची पाळी आली होती. पण तेव्हा पलटण एका जागेहून दुसऱ्या जागी हलत होती, सगळ्या सामानाची हस्तांतरणाची यादी त्याच्या माथी होती, आणि ‘मला सोडा’ असे म्हणणे त्याला बरे वाटले नाही. संघटक हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “दहापैकी सहाजण असेच येतात,” असे म्हणून त्यांनी पुढचा फॉर्म काढला. (हा आकडा त्यांचा, अंदाजाने सांगितलेला, तरी मला तो पटला.)

आरक्षणाचे गणित त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडून दिले. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के, सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँका यांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के, ज्यात साडेचार टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि कामी आलेल्यांच्या वारसांसाठी, आणि महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ व ‘ड’मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. शिवाय दहावी झालेल्या जवानाने पंधरा वर्षे नोकरी केली असेल, तर पदवीची अट असलेल्या गट ‘क’च्या अनेक पदांना तो पात्र धरला जातो. दादा पदवीधर ठरतो हे ऐकून त्याच्या मुलीने घरी त्याला हार घातला.

वयाचा हिशेब मात्र मला विसरता येत नाही. माजी सैनिकाच्या प्रत्यक्ष वयातून त्याच्या सेवेचा काळ वजा करायचा आणि जे उरेल ते पदाच्या वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावे, असा नियम आहे. त्रेचाळीस वजा चोवीस. उत्तर आले एकोणीस. म्हणजे बेळगावच्या मैदानावर छाती मोजून घ्यायला रांगेत उभा राहिला होता, त्याच वयावर कागदाने त्याला नेऊन सोडले. नियम दयाळू आहे आणि तो असायलाच हवा, यात शंका नाही. पण मधल्या चोवीस वर्षांत जो माणूस तयार झाला, त्याला कुठे जागा द्यायची हे त्या वजाबाकीत नाही.

ते कागदावरचे एकोणीस वर्षांचे वय घेऊन दादा बँकेच्या लिपिकपदाच्या परीक्षेला बसला. ऑनलाइन परीक्षा, तासाभरात शंभर प्रश्न, इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमापन, चुकीच्या उत्तराला गुण कापणार. आजूबाजूला पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये दोन-दोन वर्षे काढलेली बावीस वर्षांची मुले. माझ्या भाच्याने त्याला घड्याळ लावून सराव दिला, मी टक्केवारी आणि व्याज शिकवले. व्याज तर त्याने एका बैठकीत उरकले. पण ‘सहा मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत, रमेश सुरेशच्या डावीकडे’ हे प्रश्न त्याला अखेरपर्यंत हास्यास्पद वाटत राहिले. “त्यांनाच विचारा की कोण कुठं बसलाय,” तो म्हणायचा. तो थोडक्यात मागे राहिला. माजी सैनिकांच्या राखीव जागा अनेकदा भरल्याच जात नाहीत असे ऐकून लोक म्हणतात, यांनाच गरज नाही. गरज असते. मधला तो एक तास ओलांडायला शिकवणारे कोणी नसते, आणि शिकवायला घ्या असे म्हणायला यांची जीभ उचलत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत त्याची काळी ट्रंक उघडली गेली. तळाशी तीन जाड वह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, कडा झिजलेल्या. मी सहज एक चाळली आणि तिथेच खाली बसले. शेवटची काही वर्षे दादा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होता. पलटणीत त्याला ‘सीक्यूएमएच’ म्हणतात. सुमारे सव्वाशे माणसांच्या कंपनीचे कपडे, बूट, पांघरुणे, तंबू, भांडी, शिधा, केरोसीन हे सगळे त्याच्या अंगावर. वही ही त्याची खाजगी नोंद होती. डाव्या बाजूला आले, उजवीकडे दिले, शेवटी शिल्लक. फाटलेले वेगळे, कंडम ठरवायला पाठवलेले वेगळे, आणि दर महिन्याच्या शेवटी प्रत्यक्ष मोजून घातलेली लाल रेघ. एका पानावर ‘मोजे, लोकरी, ३ जोड कमी’ असे लिहून खाली अकरा दिवसांनी ‘सापडले, लंगरमध्ये’ असे लिहिले होते. अकरावीच्या मुलांना मी वर्षभर जे फळ्यावर शिकवते आणि जे त्यांच्या डोक्यात शिरत नाही, ते हा माणूस समुद्रसपाटीपासून कित्येक हजार फुटांवर, थिजलेल्या बोटांनी, चुकीला जागा न ठेवता करीत होता. खोपीच्या दारावरचा खडू मला तेव्हा कुठे समजला.

मी विचारले, “हे सामान मिळायचं कसं?”

“इंडेंट टाकायचा,” तो म्हणाला. “किती माणसं, हातात काय आहे, काय कमी आहे, कधीपर्यंत हवं. वेळेत टाकला नाही तर पोरं थंडीत मरतात.”

“आणि वरच्यांनी कमी दिलं तर?”

“पुन्हा टाकायचा. सोडायचा नाही. भांडायचं.”

“तेव्हा लाज नाही वाटली मागायला?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “ते माझ्यासाठी नव्हतं,” असे म्हणाला, आणि मग स्वतःच गप्प झाला.

इंडेंट म्हणजे आमच्या कचेरीच्या मराठीत मागणीपत्र. तो शब्द मी त्याला सांगितला, आणि त्या रात्री आम्ही नव्याने बायोडाटा लिहिला. त्यात नम्र विनंती नव्हती, प्रौढीही नव्हती. हातात काय आहे: सव्वाशे माणसांच्या साहित्याचा हिशेब इतकी वर्षे, तपासणीत तूट नाही, इतक्या वेळा संपूर्ण भांडाराचे स्थलांतर, हाताखाली चार माणसे, हिंदी उत्तम, संगणकावर तक्ते भरता येतात. काय हवे: भांडारपाल किंवा त्या जातीचे काम, सातारा-कराड-पुणे या पट्ट्यात, अमुक पगाराच्या खाली नाही. पगाराचा आकडा लिहिताना त्याने पेन बराच वेळ धरून ठेवले. मी म्हटले, “कमी टाकलास तर पोरं थंडीत मरतील.” तो हसला आणि आकडा लिहिला.

नोकरी लागली ती मात्र त्या कागदामुळेच लागली असे मी म्हणणार नाही. बहुतेक माजी सैनिकांची लागते तशी ती पलटणीतल्या एका जोडीदारामुळे लागली, ज्याने आपल्या कारखान्याच्या भांडारात जागा असल्याचे कळवले. पण पूर्वी असे निरोप आले की दादा ‘बघू’ म्हणून फोन ठेवी. या वेळी त्याने अर्ध्या तासात कागद पाठवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून ‘मिळाला का’ असे विचारले. मुलाखतीत व्यवस्थापकाने पेन्शनचा विषय काढला तेव्हा, दादाच्याच सांगण्याप्रमाणे, तो म्हणाला, “साहेब, ती मागच्या मालाची पावती आहे. नव्या मालाचं बोला.” हे वाक्य त्याने खरेच उच्चारले की घरी येईपर्यंत घडवले, याबद्दल वहिनीला शंका आहे.

आमच्यापासून जवळच आपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या आठवणीची शिळा तिथे उभी आहे, आणि गावाच्या नावाला मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. लहानपणी सहलीला नेऊन आम्हाला ती शिळा दाखवली होती. जे परत आले असतील त्यांनी पुढे काय केले, हे मी तेव्हा गुरुजींना विचारले नाही. आता तो प्रश्न पुन्हा दारात येणार आहे, आणि या वेळी येणारे बरेच तरुण असतील. २०२२च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतली पहिली मुले चार वर्षे पुरी करून २०२६ सालच्या अखेरीपासून बाहेर पडू लागतील. त्यांच्यातले जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होतील. उरलेल्यांना सेवानिधीची रक्कम मिळेल, जी जाहीर करताना सुमारे ११.७१ लाख सांगितली होती, आणि पेन्शन नसेल. ‘तुम्हाला पेन्शन आहेच की’ हे वाक्य त्यांना कोणी ऐकवणार नाही, एवढाच त्यांचा फायदा. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा त्यांच्यापैकी एक आहे.

दादा त्याला दर रविवारी फोन करतो. बोलणे दोन मिनिटांचे असते आणि दर वेळी जवळपास तेच असते. परवा मी ओट्यावर बसून ऐकत होते. “कुठला कोर्स लागलाय का? नाही? मग साहेबांना विचार. विचार म्हणजे विचार, लाजू नकोस. झाला की तारीख लिही, किती दिवसांचा ते लिही, सर्टिफिकेटची झेरॉक्स गावाला पाठव. वही घेतलीस का? कसली म्हणजे? जाड पुठ्ठ्याची घे, पातळ टिकत नाही.”